बेकॉलॉजी: जवारीपासून मींडेपर्यंत

जेफ बेक या ब्रिटिश रॉक गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रणांचा ‘बेकॉलॉजी’ हा तीन सीडींचा संच १९९१ साली निघाला. गिटारच्या पेटीसारख्या दिसणाऱ्या त्याच्या खोक्याचा एक कोपरा, मी तो वापरलेला म्हणून घेतला तेव्हा, चेपलेला होता. सीडींवर मात्र ओरखडा नव्हता.

पहिली सीडी मुख्यतः यार्डबर्ड्स या ब्रिटिश रॉक बँडची आहे. १९६५ साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन बाहेर पडल्यावर बेक तेथे आले. ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी स्टुडिओत सतारवादक बोलावला होता, परंतु त्या सुरावटीला हवा तो जोर येईना, तेव्हा बेक यांनी फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारे पायाचे उपकरण) लावून ती गिटारवर वाजवली. त्यात सतारीची जवारी, म्हणजे तारेचा झणझणीत गुंजारव, नेमकी सापडली आहे. खऱ्या मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याला, मात्र अजून चोवीस वर्षे अवकाश होता.

दुसऱ्या सीडीवर रॉड स्टुअर्ट यांचा आवाज आणि दणकट ब्लूज आहे. ती मी क्वचितच लावतो.

पैसे वसूल होतात ते तिसऱ्या सीडीवर. १९७५ साली जॉर्ज मार्टिन यांच्या निर्मितीत बेक यांनी गायकाला रजा देऊन वाद्यसंगीताचा अल्बम केला. त्यातील स्टीव्ही वंडर यांच्या संथ रचनेत ते सुरुवातीचे स्वर गिटारवरील आवाजाच्या बटणाने हळूच उमलवतात, त्यामुळे तेथे तारेवरचा आघात ऐकूच येत नाही. पुढे यान हॅमर यांच्या सिंथेसायझरच्या सहवासात स्वर वळवण्याची ओढ वाढली, आणि ऐंशीच्या दशकात तर त्यांनी पिक (तार छेडण्याची चकती) सोडून बोटांनीच वाजवणे पत्करले. १९८९ च्या ‘व्हेअर वेअर यू’मध्ये त्यांच्यासमोर आदर्श आहे तो बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगायनाचा, हार्मोनिक (तारेला हलका स्पर्श करून काढलेला बासरीसारखा स्वर) छेडून ते ट्रेमोलोच्या, म्हणजे तारांचा ताण बदलणाऱ्या, दांडीने स्वरास्वरांतून असे घसरवत नेतात की पडद्यांचे अस्तित्व विसरायला होते. (हेडफोनवर ऐकल्यास दांडी सोडतानाचा सूक्ष्म कंपही कळतो.)

संच येथेच थांबतो, आणि आज घेणाऱ्याला हीच त्याची मोठी उणीव वाटेल. संगीतकार नितीन साहनी यांच्या ‘नादिया’ या गाण्यात स्वाती नाटेकर यांनी गायलेली ओळ बेक यांनी २००१ च्या अल्बमात गिटारवर घेतली, ती ऐकण्यासाठी तो अल्बम वेगळा घ्यावा लागेल, आणि मी तो अवश्य घ्यावा असेच म्हणेन.