दहा महिने, अकरा न्यूजलेटर आणि १०२ केबी

सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुकानाकडे फारसं कुणी फिरकत नाही. त्याच एका दुपारी अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातल्या हिशेबनीस काकांचा फोन आला. "मालक, तुमचा मेल परत येतोय की ओ! तीनदा पाठवलो मी." बघतो तर जीमेलचे १५ जीबी काठोकाठ भरलेले, आणि माझ्या वार्षिक देखभालीच्या कराराचा कागद परत जाऊन त्यांच्याकडेच पडलेला. पहिली शिवी गेली ती न्यूजलेटरांना, म्हणजे ईमेलने येणाऱ्या बातमीपत्रांना. गेल्या मार्चपासून मी अशी अकरा लावून घेतली होती.

का लावली, ते सांगतो. नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचं तर नवं काय आलं हे कळायलाच लागतं. पूर्वी गूगल रीडर होता, वेगवेगळ्या साइटवरचं एकाच जागी सगळं वाचून व्हायचं. तो १ जुलै २०१३ला बंद झाला, तेव्हापासून माझी नुसती भटकंती चालू. यूट्यूबवर एका बातमीसाठी वीस मिनिटं कोण घालवणार? म्हणून ईमेल. पण नळाला पाणी सुटलं की आपण घरातलं दिसेल ते भांडं भरून ठेवतो ना, तसं केलं मी. एआयची तीन, सिक्युरिटीची दोन, स्टार्टअपचं एक (कशाला, देव जाणे), असं करत अकरा.

तर शिव्या घालत हिशोब मांडला. दहा महिन्यांत साधारण चौदाशे पत्रं. एकेक धरा शंभर केबीचं. चित्रं तर मेलमध्ये नसतातच, ती उघडताना त्यांच्या सर्व्हरवरून येतात. सगळे मिळून जेमतेम दीडशे एमबी, म्हणजे पंधरा जीबीचा एक टक्का! बाकीची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपने खाल्ली होती. लोक मला बिघडलेल्या प्रिंटरचे व्हिडिओ पाठवतात, ते सगळे त्यात. मुलगी म्हणाली, "बाबा, तू उगाच बिचाऱ्या पत्रांना बोलतोयस." शिव्या परत घेतल्या. पण सगळ्या नाहीत.

कारण माझं खरं भांडण आहे ते १०२ केबीशी.

मेलचा मजकूर १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो तिथेच कापतं, आणि खाली बारीक अक्षरात 'संपूर्ण मेसेज पाहा' अशी ओळ येते. आता मला सांगा, आठ बातम्यांच्या पत्राला १०२ केबी लागतात कशाला? एकदा मी एका पत्रातला दुवा कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला. मूळ पत्ता असेल अर्ध्या ओळीचा. नोटपॅडमध्ये पडल्या सहा ओळी! कोणी दाबला, कुठल्या पत्रातून दाबला, सगळं त्या अक्षरांच्या गिचमिडीत. असे चाळीस दुवे, वर ढीगभर सजावटीचा कोड. वजन बातमीचं नाही हो, पाळतीचं आहे.

आणि 'अनसबस्क्राइब' असतं सगळ्यात तळाला, म्हणजे बरोबर कापलेल्या भागात. अमेरिकेच्या २००३च्या कायद्याने बाहेर पडायची वाट आणि पोस्टाचा पत्ता द्यावाच लागतो, म्हणून देतात. पण घराचं दार माळ्यावर काढल्यासारखं. फोनवर अंगठ्याने खाली, खाली, खाली जायचं, मग ती बारीक ओळ दाबायची, मग पुन्हा पहिल्यापासून खाली. हे मी एका दुपारी दोन पत्रांसाठी केलंय. चहा गार झाला.

गंमत पुढे आहे. तुम्ही पत्र उघडलं की नाही हे कळावं म्हणून त्यात एक गुणिले एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र ठेवतात, आणि तेही बऱ्याचदा तळालाच. पत्र कापलं गेलं की ते चित्र उतरतच नाही. म्हणजे मी रोज वाचतोय आणि त्यांच्या हजेरीपटावर मी गैरहजर. मला वाटतं त्यामुळेच एकाने आधी 'तुमची आठवण येते' असं पत्र पाठवलं आणि नंतर नाव काढून टाकलं. त्या अकरांतलं ते जरा बरं होतं!

बाहेर पडायची सोपी वाट मला फार उशिरा दिसली. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच 'अनसबस्क्राइब' असतं. २०२४पासून गूगल आणि याहूचा नियमच आहे की ढिगाने मेल पाठवणाऱ्यांनी (गूगलच्या लेखी दिवसाला पाच हजारांवर) एका टिचकीत सुटका द्यायची, आणि दोन दिवसांत नाव काढायचं. त्याने पाच पत्रं पाच मिनिटांत गेली. एक मात्र तीन आठवडे येतच राहिलं. त्यांना दोन मेल लिहिले, उत्तर नाही. शेवटी फिल्टर लावून कचऱ्यात.

नवीन लावणाऱ्यांनी एक करा. जीमेलच्या नावानंतर, @च्या आधी, अधिकचं चिन्ह टाकून काहीही लिहिलं तरी मेल तुमच्याकडेच येतो. मी प्रत्येक न्यूजलेटरला वेगळं शेपूट दिलं होतं. महिन्याभरात एका शेपटावर क्रिप्टो शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिराती सुरू झाल्या. पत्ता कुठून गेला ते लगेच कळलं. काही फॉर्म मात्र अधिकचं चिन्ह घेत नाहीत.

पैसे देऊन एकच घेतलं, महिना दहा डॉलर. एक महिना वाचून कळलं की अर्ध्या बातम्या फुकटवाल्यांतच होत्या. बंद करायचं बटण सापडेना. पण ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तुम्ही आधी मंजुरी नोंदवल्याशिवाय कार्डातून दर महिन्याला आपोआप पैसे कापता येत नाहीत. ती मी नोंदवलीच नव्हती. दुसऱ्या महिन्याचे पैसे अडकले आणि मला 'पेमेंट झालं नाही' अशी सहा पत्रं आली. दहा डॉलरांत आलेल्या मजकुरापेक्षा ही पत्रं नेटकी होती, सरळ आणि छोटी.

आता चांगलं. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सप्टेंबरपासून व्हॉट्सअ‍ॅपवर 'त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडणार' असं फिरत होतं. अशोक चौकातला एक यंत्रमागवाला तर धापा टाकत आला, "मालक, नवीनच घ्यायचं का आता?" मला जूनमध्येच एका साध्याशा पत्रातून सगळं कळलं होतं. मशीन चालूच राहतं, सिक्युरिटी अपडेट थांबतात. घरच्या मशीनला आणखी एक वर्ष अपडेट मिळतात, सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्या तर पैसेही लागत नाहीत. धंद्याच्या मशीनला पहिल्या वर्षाला ६१ डॉलर. त्याची जुनी आय-थ्री प्रोसेसरची मशीनं विंडोज ११च्या अटीत बसत नव्हती, म्हणून हिशोबाचं तेवढं एक मशीन बदललं आणि बाकीची इंटरनेटवरून काढून फक्त डिझाइनला ठेवली. चार नवी विकली असती तर मला जास्त सुटले असते, ते वेगळं. पण तो माणूस दिवाळीला शेंगाचटणीचा डबा घेऊन आला.

सध्या दोनच उरलीत. एक सिक्युरिटीतले जाणकार ब्रूस श्नायर यांचं 'क्रिप्टो-ग्राम'. १९९८पासून दर महिन्याच्या १५ तारखेला येतं, फुकट. सिक्युरिटीवरचे लेख, सावकाश लिहिलेले. कडक भाकरीसारखं आहे, चार आठवड्यांनी काढलं तरी चालतं. इंग्रजी जरा नेटाने वाचावं लागतं.

दुसरं रोजचं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून सकाळी सहाला निघणारं. आपल्याकडे साडेतीनला यायचं, नेमकं चहाच्या वेळी. नोव्हेंबरात अचानक साडेचारला यायला लागलं. मी दोन दिवस राउटर बंद-चालू करत बसलो, केबलवाल्यालाही बोललो. मग लक्षात आलं, २ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं तासभर मागे गेली होती. केबलवाल्याला अजून सांगितलेलं नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुढे सरकतात, मग परत साडेतीन.