स्पेसर घालायचाच आहे, तर स्लिप-ऑन की बोल्ट-ऑन?

चाक थोडं बाहेर यावं म्हणून हब (चाक ज्यावर आवळतात तो फिरणारा भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची धातूची चकती म्हणजे स्पेसर. तो पंधरा एमएम घालावा की वीस, यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात चहाचे दोन राउंड सहज होतात. प्रकार कुठला, हे मात्र दुकानदार डब्यातून काढून देईल ते. माझ्या मते वाद प्रकारावर व्हायला हवा, कारण जाडी नंतर बदलता येते. प्रकार चुकला की त्रास दर पंक्चरला होतो.

स्लिप-ऑन म्हणजे हबवर नुसता सरकवायचा, वर चाक ठेवायचं आणि लांब बोल्ट चाकातून, स्पेसरमधून थेट हबमध्ये. बोल्ट-ऑन आधी स्वतःच्या बोल्टनी हबला आवळायचा आणि मग चाक त्या स्पेसरला. बोल्ट-ऑन दिसायला भक्कम वाटतो आणि पाच-पाचचे दोन संच बघून मनाला बरंही वाटतं. मन मात्र तो आतला संच बघत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

चाक बसलं की आतले पाच बोल्ट त्याच्या मागे झाकले जातात. ते सैल झालेत का, हे चाक उतरवल्याशिवाय कळत नाही. नवा स्पेसर घातल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण हब, डिस्क आणि स्पेसर यांचे पृष्ठभाग एकमेकांत बसले की ताण थोडा उतरतो. स्लिप-ऑनला निपाणीपर्यंत जाऊन आलात, चाकं गार झाली, की टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टक् करणारा) घेऊन वीस बोल्ट बाहेरून तपासायचे. काम दहा मिनिटांत आटोपतं. बोल्ट-ऑनला जॅक लावा, चारही चाकं उतरवा, चाळीस बोल्ट तपासा. पहिल्यांदा हौसेने होतं, दुसऱ्यांदा उद्यावर जातं, तिसऱ्यांदा कुणी करत नाही. शिवाय आतल्या बोल्टची डोकी खोल खाचेत असतात, तिथे पातळ भिंतीचा सॉकेटच जातो. पावसाळ्यात त्या खाचांत तांबडा चिखल बसतो आणि सॉकेट अर्ध्यावर अडकतो. पंक्चरवाल्याकडे तो सॉकेट नसतो, आणि आत दुसरा संच आहे हे त्याला सांगितल्याशिवाय कळतही नाही.

त्यात आणखी एक. बऱ्याच बोल्ट-ऑन स्पेसरमध्ये बाहेरचे स्टड (नट लावायचे आटेदार दांडे) ॲल्युमिनियममध्ये दाबून बसवलेले असतात. एअर गनने चार वेळा ठोकून आवळलं की स्टडचे दाते ॲल्युमिनियम कुरतडतात आणि स्टड जागेवरच फिरायला लागतो. मग नट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. चाक काढायला नट कापावा लागतो, तोही अलॉयला ओरखडा न पाडता.

स्लिप-ऑनमध्ये सगळं सोपं आहे असं मात्र नाही. त्याचा सगळा भार लांब बोल्टवर असतो. मूळ बोल्टची सीटखालची (डोक्याचा जो भाग चाकाला टेकतो त्याच्या खालची) लांबी २८ एमएम असेल आणि स्पेसर १५ चा असेल, तर बोल्ट ४३ चा हवा. मूळ बोल्ट हातानं किती फेरे आत जातो ते आधी मोजून ठेवा. नव्याचे फेरे त्याहून कमी भरता कामा नयेत. फार लांब बोल्टही धोक्याचा, कारण तो हबमागे निघून पार्किंग ब्रेकच्या शूला किंवा चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएसच्या रिंगला लागतो. म्हणून बोल्ट पूर्ण आवळण्याआधी हब हातानं एक पूर्ण फेरा फिरवून बघा. खरखर आली तर तिथेच थांबा.

बोल्टची सीट तर त्याहून महत्त्वाची. बीएमडब्ल्यूला शंकूची सीट, पोर्शे आणि ऑडीला गोलाची. गोलाच्या चाकात शंकूचा बोल्ट घातला तर तो फक्त एका कडेवर टेकतो. टॉर्क पाना टक् करतो, पण पकड नसते. हार्डवेअरच्या दुकानातला ८.८ ग्रेडचा बोल्ट चाकाला लावू नका. डोक्यावर १०.९ कोरलेलं हवं.

जाडीचं थोडक्यात. ३ आणि ५ एमएमच्या चकत्या हबच्या मूळ ओठावर (चाक मध्यावर धरणाऱ्या, बाहेर आलेल्या गोल कड्यावर) भागतात. १० च्या आसपास पोचलं की तो ओठ स्पेसरमध्येच संपतो, म्हणून स्पेसरला स्वतःचा ओठ हवा. नसेल तर चाक बोल्टवर लटकतं आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट-ऑन साधारण २० एमएमच्या खाली नीट होतच नाही, कारण बोल्टचं डोकं लपायला जागा लागते. म्हणजे १२ किंवा १५ हवा असेल तर निवड तिथेच झाली.

आपल्याकडे शिरोलीत, गोकुळ शिरगावात लेथ, सीएनसी सगळं हाताशी. त्यामुळे 'करून घेऊ की' हा मोह सुटत नाही. करायचाच तर ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा बार आणा, ओतीव ॲल्युमिनियम नको. मधलं भोक हबवर हलक्या दाबाने बसेल इतकंच ठेवा आणि दोन्ही बाजू एकाच पकडीत फेस, म्हणजे लेथवर सपाट, करून घ्या. जाडीत थोडा जरी फरक पडला तरी चाक डुगडुगतं.

बसवताना हबचा गंज वायर ब्रशने पूर्ण काढा. डिस्क धरणारा छोटा स्क्रू वर आला असेल तर स्पेसर सपाट बसत नाही. ही सर्वांत जास्त होणारी चूक. स्लिप-ऑन पावसाळ्यात हबला चिकटतो, कारण लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना खातात. मधल्या ओठावर अँटी-सीझचा (धातू चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) पुसट हात द्यावा. आटे आणि सीट मात्र कोरडे. चाक आणि स्पेसर एकदम सांभाळताना तारांबळ उडते, तेव्हा वरच्या भोकात गाइड पिन लावली की काम एका माणसाचं. टॉर्क कंपनीचाच: बीएमडब्ल्यू झेड४ च्या ई८९ मॉडेलला १२० न्यूटन मीटर, पोर्शे ९८७ बॉक्स्टरला १३०. ताऱ्याच्या क्रमाने (शेजारचा सोडून समोरचा) आवळा आणि शेवटची आवळणी चाक जमिनीला टेकवून.

स्टड-नटच्या गाड्यांत, फोर्ड मस्टँग किंवा निसान ३७०झेडमध्ये, माझं पारडं थोडं डळमळतं. तिथे स्लिप-ऑनसाठी जुने स्टड काढून लांब स्टड प्रेसने बसवावे लागतात, आणि बोल्ट-ऑनला हबला हातही लावावा लागत नाही. ज्याला दोन वर्षांनी गाडी मूळ रूपात विकायची आहे, त्याला ते सोयीचं वाटेल. तरीही गाडी ठेवायची असेल तर एकदाचे स्टड बदलून घ्यावेत असंच मी म्हणेन.

पुढच्या चाकांना जाड स्पेसर दिला तर गगनबावड्याच्या वाटेवर प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला धक्का देतो. मागे १५, पुढे १० किंवा काहीच नाही, इतपत ठीक. मडगार्डच्या आत खडूची रेघ मारा, मागे दोघांना बसवून उंच स्पीडब्रेकरवरून सावकाश न्या आणि टायर घासून ती रेघ पुसली गेली का बघा. विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बोट ठेवतं, आणि क्लेमच्या वेळी ते कुणालातरी आठवतंच.

मूळ वीस बोल्ट कापडात गुंडाळून डिकीत राहू द्या. स्टेपनी लावायची वेळ आली तर स्पेसर काढून तेच लागतील. लांब बोल्ट तिथे लावले तर ते हबमागे जाऊन रुततील.