स्टेंटची गोळी बंद करायला लावणारा ऑनलाइन ‘हृदय वर्ग’

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकांची अटॅकनंतर अँजिओप्लास्टी होऊन, स्टेंट बसवून पाच आठवडे झाले होते. मोबाईलवर लिंक आली: ‘हृदयरुग्णांसाठी २१ दिवसांचा मोफत ऑनलाइन वर्ग, मराठीतून.’ दवाखान्यात सगळं बोलणं हिंदीत, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत; आपल्या भाषेत कुणी सावकाश समजावतंय म्हटल्यावर घरच्यांना बरंच वाटलं. पुढे १४,९९९ रुपये गेले. पण खरं नुकसान औषधांच्या डब्यात होतं. क्लोपिडोग्रेलच्या (रक्त गोठू न देणाऱ्या गोळीच्या) नव्या पाकिटातल्या चारच गोळ्या काढलेल्या, आणि शेजारी नाव-गाव नसलेल्या चूर्णाची पुडी अर्धी संपलेली.

पहिले तीन दिवस वर्गात सांगितलेलं सगळं बरोबर होतं. मीठ कमी करा, पोह्यांवरची शेव सोडा, तंबाखू बंद, जेवल्या जेवल्या चालायला जाऊ नका. विश्वास बसतो तो यामुळेच. चौथ्या दिवशी ईसीजीचा फोटो मागितला आणि संध्याकाळी ‘रिपोर्ट’ आला: ब्लॉकेज ७० टक्के. ईसीजीवरून ब्लॉकेजचे टक्के काढताच येत नाहीत. त्यासाठी साधी किंवा सीटी अँजिओग्राफीच करावी लागते. असा रिपोर्ट आला की तिथेच ओळखा.

मग चूर्णाचं किट आलं आणि सोबत सूचना: ‘ॲलोपॅथीची गोळी चालू असेपर्यंत चूर्ण लागू पडत नाही.’ सगळा घात या एका वाक्यात आहे. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर आतून अस्तर धरायला काही महिने लागतात आणि तोवर तिथे रक्त गोठण्याची भीती असते. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात. अटॅकनंतर ही जोडी सहसा १२ महिने चालते; कुणाची आधी थांबवायची, ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. मधेच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. चूर्णात ज्येष्ठमध भरपूर असेल तर बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं, हे आणखी वेगळं.

व्यायामातही असाच धोका. २२० मधून वय वजा करा, त्याच्या ८५ टक्के नाडी गाठा, असं सगळ्यांना सरसकट सांगितलं होतं. बासष्टाव्या वर्षी हा आकडा १३४ येतो. मेटोप्रोलॉल ही नाडी मंद करणारी गोळी घेणाऱ्याची नाडी मुळातच दबलेली असते. तो आकडा गाठायला माणूस धापा टाकत चालतो. अटॅकनंतरचं खरं पुनर्वसन करणारे आधी डिस्चार्ज कार्ड, ईएफ (हृदय किती जोराने रक्त ढकलतं त्याचा आकडा) आणि चालू औषधं विचारतात, जमल्यास सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात. सुरुवात सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटांची, आणि चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा. छातीत दुखलं तर लगेच थांबा, आणि दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करा.

शिकवणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे तो चिठ्ठीवर आणि पावतीवर हवाच. हृदयरोग बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ‘ब्लॉकेज उघडतो’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. अपॉइंटमेंटसाठी एपीके फाईल (मोबाईलवर थेट ॲप टाकणारी फाईल) पाठवली तर ती उघडू नका. ओटीपी जाऊन खातं रिकामं होतं.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. यूपीआयचा बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर अडवता येतात, म्हणून घरात चर्चा करत बसू नका. लाजेपोटी चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे.

आणि गोळी बंद केली असेल तर त्याच दिवशी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना गाठा, पुडी सोबत न्या. किती दिवस गोळी चुकली ते खरं सांगा. चुकलेल्या भरून काढायला घरी दोन-दोन गोळ्या घेऊ नका. कधी कधी सुरुवातीला मोठा डोस लागतो, पण तो त्यांनीच द्यायचा असतो.