पद्मिनीचा इग्निशन स्विच: मुंबईचा जुना कोरा की ट्रॅक्टरचा नवा?

जुन्या फियाटचा, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचा, इग्निशन स्विच (चावी फिरवून गाडी चालू करायचा) गेला की पहिला महिनाभर तो गेलाय हे आपण मान्यच करत नाही. बॅटरीचे लग घासतो, पॉइंट साफ करतो, कॉइल बदलतो. मीही हे सगळं ओळीने केलं. शेवटी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मागच्या सीटवर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सगळं सामान लादलेलं असताना, गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर गाडी मेली. पाऊस चालू. चावी जराशी डावीकडे रेटून धरली की मीटरचे दिवे लागायचे, सोडली की जायचे. ऑटो इलेक्ट्रिशियन आला, त्याने दोन बोटांनी चावी हलवून पाहिली आणि म्हणाला, "पात्रांव, चावी बरी आसा, स्विच गेलो."

त्यानंतर मी दोन स्विच वापरले. आधी ट्रॅक्टरचा, दीड वर्ष. मग मुंबईहून आणलेला जुना पण कोरा, ज्याने आता तीन पावसाळे काढले. तुम्ही याच दोघांत अडकला असाल तर माझा अनुभव कामी यावा. गाडी माझी पेट्रोलची, चावी डॅशबोर्डवर. स्टिअरिंग लॉकवाल्यांचं दुखणं वेगळं आहे, त्यात मी पडत नाही.

तिसराही पर्याय आहे: "पद्मिनीचाच" म्हणून विकला जाणारा नवा कोरा नकली. दुकानात हातात घेऊन पाहिला. वजनाला हलका, आणि चावी आत घातल्यावर सैल दातासारखी डुलत होती. मी घेतला नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

ट्रॅक्टरच्या स्विचची बाजू आधी मांडतो, कारण त्याची बाजू खरंच भक्कम आहे. तो मिळतो. फोंड्यात, म्हापशात, डिचोलीत, कुठेही स्पेअर पार्टच्या दुकानात हात वर करून काढून देतात. किंमत किलोभर इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) कमी. मागचे स्क्रू जाडजूड, आतला पितळी पत्रा दणकट, शेतातल्या चिखला-धुळीसाठीच बनवलेला. बिघडला तर दुसऱ्या दिवशी नवा. आमच्या हवेत याला किंमत आहे, कारण इथे पितळ फार दिवस पिवळं राहत नाही. जुना स्विच उघडला तेव्हा आत हिरवट कळंक चढलेला होता, वर्षभर न घासलेल्या समईला चढतो तसा.

त्याची एक खोड मात्र बसवतानाच कळते. ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला ठिणगी पाडणारी कॉइलच नाही. स्टार्टर फिरत असताना एखाद्या स्क्रूचा करंट तोडला तरी डिझेल इंजिनाला काही फरक पडत नाही. आपल्या पेट्रोल गाडीची कॉइल नेमकी त्याच स्क्रूला जोडली, तर चावी धरून ठेवलीत तोवर इंजिन नुसतं गरगरतं, आणि चावी सोडल्या क्षणी एकदाच "फट्" करून उचकी देतं. पहिल्या दिवशी आमचं हेच झालं. अर्धा तास दोघंही कार्बुरेटरकडे संशयाने बघत होतो. म्हणून जोडण्याआधी टेस्ट लॅम्प लावून बघा: चावी ऑफवर असताना विझलेला, पण ऑनवर आणि स्टार्टवर दाबून धरली असतानाही, असा दोन्हीकडे दिवा कोणत्या स्क्रूवर जळत राहतो? कॉइल तिथे. फियाटच्या घराण्यात 30 म्हणजे बॅटरी, 15 म्हणजे इग्निशन, 50 म्हणजे स्टार्टर. अँबॅसडरवाल्यांकडे लुकासच्या पद्धतीने 1, 2, 3 असे आकडे असतात. पण बाजारातल्या स्विचवर छापलेल्या आकड्यापेक्षा दिव्यावर विश्वास ठेवलेला बरा.

ही खोड एकदा सुधारली की सुटली. मला ज्याने छळलं ते दुसरंच.

माझ्या डॅशबोर्डच्या भोकाला एका बाजूला सपाट कड आहे. मूळ स्विचच्या मानेलाही तशीच सपाटी, त्यामुळे तो बसला की बसला. ट्रॅक्टरच्या स्विचची मान पूर्ण गोल. पुढून नट कितीही आवळा, आठवड्याभरात तो ढिला होतो आणि चावीबरोबर आख्खा स्विच फिरतो. मी सायकलच्या ट्यूबचा वॉशर करून घातला. मग स्टार वॉशर घातला. मग दोन्ही घातले. शेवटी सवयच करून घेतली: डाव्या हाताच्या अंगठ्याने नट दाबून धरायचा आणि उजव्या हाताने चावी फिरवायची. दीड वर्ष मी अशीच गाडी चालू करत होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता. माझ्याशिवाय ती कोणाकडून चालू होत नसे.

मग एकदा मी तापाने पडलो आणि औषध आणायला बायको गाडी घेऊन निघाली. अंगणातून हाक आली, "अहो, चावीबरोबर सगळंच फिरतंय!" मी पांघरूण गुंडाळून दारात येईतो तिने अजून दोनदा फिरवून पाहिलं होतं. मागच्या वायरींना पीळ बसला, बॅटरीकडून येणारी तार डॅशच्या पत्र्याला टेकली आणि मीटरमागून धूर निघाला. या तारेवर माझ्या गाडीत फ्यूज नाही, हे मला तेव्हा कळलं. नशीब, बॉनेट उघडंच होतं आणि तिने बॅटरीचा लग पान्याने उपटून काढला. वायरिंगचा हातभर तुकडा गेला, एवढ्यावर निभावलं. औषध शेजाऱ्याच्या स्कूटरवरून आलं.

मुंबईच्या स्विचसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ओळखीच्या माणसाला पाठवलं. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, आणि 2000 च्या आसपास ती बनणं थांबल्यानंतरही तिचे सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे. तिथे टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आता जे आहे ते दुकानदारांच्या माळ्यावरचं. मागणी आमच्यासारख्या हौशी लोकांची, आणि हौशी माणसाचा चेहरा बघून भाव ठरतो. मला तो एका टाकीभर पेट्रोलच्या भावात पडला. रात्रीच्या बसने पार्सल आलं, पिवळ्या तेलकट कागदात, सोबत एकच चावी.

कोरा म्हणजे चांगला, असं समजू नका. पहिल्या आठवड्यात तो जुन्या स्विचपेक्षाही वाईट वागला. वर्षानुवर्षं पडून आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. उघडावा लागला. मागच्या बाजूला पत्र्याचे छोटे कान असतात, ते हळूच उचलले की बेकलाइटची चकती सुटते. हे कान एकदा वाकतात, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा तुटतात. म्हणून "बघू तरी आत काय आहे" म्हणून उघडू नका. आणि टेबलावर चादर पसरून उघडा, कारण आतली स्प्रिंग आपल्याबरोबर एक बारीक गोळी घेऊन उडते. माझी गोळी देव्हाऱ्याखाली सापडली. पितळ झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने नुसतं पुसून घेतलं, पेट्रोलने धुतलं, बोटभर पेट्रोलियम जेली लावून परत बंद केलं.

त्यानंतर भोकात बसवला. सपाट कड सपाट कडेला लागली. नट हातानेच आवळला, वर पाव फेरा पान्याने. चावी फिरवली तर फिरली ती फक्त चावी. बायकोने दुसऱ्या दिवशी एका हाताने गाडी चालू केली आणि माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

आता न्यायाचं बोलायचं तर: रोज गाडी वापरणारा, लांब जाणारा माणूस असेल तर ट्रॅक्टरच्या स्विचला मी नाक मुरडणार नाही. माझ्या एका मित्राने लेथवाल्याकडून जाड पत्र्याची चकती कापून घेतली, बाहेरून सपाट कडेची, आतून गोल, आणि स्विचची मान त्या चकतीला पितळेने झाळून टाकली. त्याचा दोन पावसाळ्यांत हललेला नाही. एवढी खटपट करणार असाल तर पैसे वाचतील, आणि वाटेत बिघडला तर सुटा भाग कुठेही मिळेल. फक्त चावीची गंमत लक्षात ठेवा. मी ज्या दुकानातून घेतला, तिथल्या दुसऱ्या डब्यातली चावीही माझ्या स्विचला बिनबोभाट लागली होती. माझी गाडी अजून 'जीडी'ने सुरू होणारी, गोवा-दमण-दीवच्या काळातली जुनी पाटी मिरवते, त्यामुळे ती कोण नेणार असं मी म्हणत असे. तरी रात्री बाजारात लावताना मनात यायचंच.

मुंबईचा मागवणार असाल तर आधी व्हर्नियरने भोक मोजा, सपाट कड घड्याळाच्या कितीच्या जागी आहे त्याचा फोटो पाठवा, आणि दुकानदाराला फोनवरच चावी फिरवून दाखवायला सांगा: स्टार्टवरून ती आपोआप मागे येते का, ऑफशिवाय दुसरीकडे निघते का. आल्या दिवशी दोन जादा चाव्या करून घ्या. मी टाळाटाळ केली, आणि पुढे कोरी चावी शोधत चावीवाल्यांकडे तीन फेऱ्या मारल्या.

आणि कोणताही बसवा, स्टार्टरला एक साधा चार पायांचा रिले (थोड्या करंटने जड करंट चालू करणारा स्विच) द्या. हॉर्नला लावतात तसाच, पण 30 अँपिअरच्या खालचा नको. स्विचची 50 वाली तार रिलेच्या 86 ला, रिलेचा 85 बॉडीला, रिलेच्या 30 वर बॅटरी, 87 वरून सोलेनॉइड (स्टार्टर जोडणारा). बॅटरीच्या तारेत फ्यूज घालायला मी आता विसरत नाही. रिलेमुळे सोलेनॉइडचा जड करंट त्या म्हाताऱ्या पितळेतून जायचा थांबतो. माझा स्विच त्यामुळेच टिकलाय की ग्रीसमुळे, सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दुपारी केलं होतं.

जुना स्विच झिजला त्यात किल्ल्यांच्या जुडग्याचाही हात होता, असं इलेक्ट्रिशियनचं म्हणणं. घराची, कपाटाची, बागेच्या फाटकाची, सगळ्या किल्ल्या वर्षानुवर्षं त्या एका चावीला लोंबकळत होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला झोका घेत होत्या. आता त्या दाराजवळच्या खिळ्याला असतात. गाडीच्या चावीला नुसती सुतळी बांधलेली आहे, आणि ती बहुतेक वेळा बायकोच्या पर्समध्ये असते.