क्लफ की पेझ्ली : आधी कोणाची कारकीर्द अभ्यासावी?

मुलांचा फुटबॉल संघ हाती घेतलेल्या आणि जुन्या इंग्लिश व्यवस्थापकांकडून काही शिकू पाहणाऱ्या माणसापुढे बहुधा दोन नावे येतात, ब्रायन क्लफ आणि बॉब पेझ्ली. दोघांच्या करंडकांची यादी वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून ती येथे देत नाही. मी सुरुवात क्लफ यांच्यापासून केली आणि स्थिरावलो पेझ्ली यांच्यापाशी.

क्लफ यांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणाऱ्या या आघाडीच्या खेळाडूचा गुडघा २६ डिसेंबर १९६२ रोजी बरी क्लबच्या गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत निकामी झाला आणि तिशीतच ते चौथ्या श्रेणीतल्या हार्टलपूल्सचे व्यवस्थापक झाले. पुढे डर्बी आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट हे दुसऱ्या श्रेणीतले दोन क्लब त्यांनी इंग्लंडचे विजेते केले. ज्याच्या हाती साधा संघ आहे, त्याला ही वाट आपली वाटते.

मला मात्र एक गोष्ट सतत खटकत राहिली. क्लफ यांचा कोणताही मोठा निर्णय उलगडायला घ्यावा, तर त्यामागे त्यांचे सहायक पीटर टेलर उभे असतात. वय झालेल्या डेव्ह मॅकायला डर्बीत आणून बचावात खेळवणे असो किंवा आघाडीला खेळणाऱ्या केनी बर्न्सला फॉरेस्टच्या बचावाचा कणा करणे असो, खेळाडू हेरणारी नजर टेलर यांची आणि त्याच्याकडून खेळ काढून घेणारी जीभ क्लफ यांची. १९७४ मध्ये टेलर ब्रायटनलाच थांबले आणि क्लफ एकटे लीड्सला गेले, तर ४४ दिवसांत बाहेर पडले. १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाल्यानंतर फॉरेस्टला पुन्हा लीगचे विजेतेपद मिळाले नाही. १९८९ आणि १९९० चे लीग कप कमी मोलाचे होते असे मी म्हणणार नाही. पण संघ एकट्याने सांभाळणाऱ्याने यातला कोणता अर्धा भाग उचलायचा, हे मला कधीच ठरवता आले नाही.

पेझ्ली यांना लिव्हरपूलमध्ये आधीचे व्यवस्थापक बिल शँकली यांचा आयता संघ मिळाला, हा आक्षेप खरा आहे, आणि जो फॅगन, रॉनी मोरन यांच्यासारखे सहकारीही त्यांना लाभले होते. तरीही आर्सेनलहून आलेल्या रे केनेडी या आघाडीच्या खेळाडूला मधल्या फळीत डावीकडे नेणे किंवा डॅलग्लिश, सूनस आणि हॅन्सन यांना आणणे, हे त्यांच्याच कारकिर्दीत घडले. १९५० मध्ये एफए कपच्या उपांत्य सामन्यात गोल करूनही अंतिम सामन्यात वगळले गेलेल्या पेझ्ली यांनी खेळणे सोडल्यावर, १९५४ नंतर, राखीव संघ आणि दुखापतींचे उपचार सांभाळले. खेळाडूच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखण्याबद्दल ते ख्यात होते. लिव्हरपूलच्या बूट रूममध्ये, म्हणजे प्रशिक्षकांच्या बैठकीच्या खोलीत, रोजच्या सरावाच्या नोंदवह्याही ठेवल्या जात.

ती वही मी उचलली. कोणत्या दिवशी मैदान किती कडक होते, काय खेळवले, कोण पाय वाचवून पळत होता, एवढेच चार ओळींत लिहितो. दुसऱ्या महिन्यात मागची पाने चाळताना एकाच मुलाचे नाव सलग तीन सोमवारी सापडले. रविवारी तो दुसरीकडेही सामने खेळत होता आणि त्याने ते सांगितले नव्हते. एका वहीवरून पद्धत सिद्ध होत नाही, हे मान्य आहे. शिवाय १९७८ मध्ये युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत क्लफ यांच्या फॉरेस्टने पेझ्ली यांच्या लिव्हरपूलला बाहेर काढले होते, हेही विसरता येत नाही.

आपल्या शेजारी खेळाडू पारखणारा आणि तोंडावर नाही म्हणणारा सोबती असेल, तर क्लफ यांच्यापासून अवश्य सुरुवात करावी. नसेल, तर माझ्या मते पेझ्ली अधिक उपयोगी पडतील, आणि त्यातही त्यांची विजेतेपदाची वर्षे नव्हेत, तर व्यवस्थापक होण्याआधीची १९५४ ते १९७४ ही कोणाच्या फारशी नजरेत न भरलेली वीस वर्षे आधी वाचावीत.