लाकूड खरं होतं

बेडूक साडेतीन सेंटिमीटरचा होता. तळहातावर ठेवून मूठ मिटली की दिसेनासा व्हायचा. त्याच्यासाठी मी २,४०,००० येन रोख मोजले, म्हणजे आपले जवळपास एक लाख चाळीस हजार रुपये. जुनी नेत्सुके म्हणून घेतलेला तो लाकडी बेडूक खोटा निघाला. टोकियोत नोकरीला असलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींना आता जुन्या जपानी वस्तू घ्यायची आवड लागली आहे, म्हणून काय झालं ते सगळं सांगते.

नेत्सुके म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. किमोनोला खिसे नसतात. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, पुरुष तंबाखूची पिशवी, औषधाच्या गोळ्यांची इन्रो नावाची डबी अशा वस्तू दोरीला बांधून ओबीला, म्हणजे कमरेच्या कापडी पट्ट्याला, अडकवत. ओबीखालून वर काढलेली दोरी निसटू नये म्हणून तिच्या टोकाला जी गाठीसारखी वस्तू असे, ती नेत्सुके. दोरी ओवायला तिला दोन भोकं असतात, त्यांना हिमोतोशी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, माझी सगळी गोष्ट त्या दोन भोकांत आहे.

मी पहिल्यांदा नेत्सुके पाहिली ती उएनोच्या टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात. राजपुत्र ताकामादो यांच्या संग्रहातली नेत्सुके तिथे मांडलेली असतात. मी मूळची सावंतवाडीची. चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी घडताना बघत मोठी झाले. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावरचा रंग, तो कच्चा असतानाचा वास, हे सगळं बालपणातलंच. त्यामुळे काचेपलीकडचा बोटभर उंदीर आणि त्याच्या शेपटीचा वळसा बघताना डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून मी बघत राहिले, वाचत राहिले आणि मग घ्यायलाही लागले. हस्तिदंताच्या वाटेला गेलेच नाही. ते भारतात नेता येत नाही, आणि मला ते नकोही होतं. लाकूडच हवं होतं.

एका देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे तो विक्रेता भेटला. पन्नाशीचा, शांत बोलणारा. पहिल्या खेपेला मी त्याच्याकडून आठ हजार येनचं एक साधं मान्जू घेतलं. चपट्या गोल नेत्सुकेला मान्जू म्हणतात, त्या नावाच्या मिठाईवरून. पुढच्या महिन्यात एक छोटा मुखवटा घेतला. दोन्ही ठीकठाक होती, आणि तो स्वतःहून म्हणाला होता, "ही फार जुनी नाहीत हं, नवशिक्यांसाठी आहेत." त्या एका वाक्याने माझा विश्वास बसला. जो माणूस आपल्याच मालाला कमी म्हणतो, तो फसवेल असं मनातही येत नाही. आज वाटतं, त्या दोन वस्तू म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं.

बोलता बोलता मी माझ्या बाबांविषयी बोलले होते. दर वर्षी गणपतीला घरी जाते, निघताना बाबा न चुकता विचारतात, "परत कधी?" हे त्याने नीट लक्षात ठेवलं. तिसऱ्या महिन्यात त्याने खालून एक पेटी काढली आणि बेडूक माझ्या हातावर ठेवला. जपानीत बेडकाला काएरू म्हणतात, आणि परत येणे यालाही काएरूच. इसे या जपानमधल्या मोठ्या तीर्थक्षेत्राच्या यात्रेला जाणारा माणूस सुखरूप घरी परतावा, या भावनेने तिथले कारागीर बेडूक कोरत. इसेच्याच यामादा गावात मासानाओ या नावाने पिढ्यान् पिढ्या बेडूक कोरले गेले, तिथल्याच आसामा डोंगरावरच्या त्सुगे म्हणजे बॉक्सवुडच्या लाकडात. हे मी वाचलेलं होतं. बेडकाच्या पोटावर दोन जपानी अक्षरांत सही होती: मासानाओ.

तो म्हणाला, इसेकडच्या एका जुन्या घराची वखार रिकामी होत आहे, हा माल थेट तिथून आला. याला त्यांच्या धंद्यात उबुदाशी म्हणतात, म्हणजे बाजारात कुणाचाही हात न लागलेला माल. संग्राहकाला या शब्दाची भूल पडते. मलाही पडली. मग तो हळूच म्हणाला, "क्योतोतही एक मासानाओ होऊन गेला, यापेक्षा जुना. हा त्याचाही असू शकेल. पण मी तसं सांगून जास्त पैसे घेणार नाही." क्योतोचा मासानाओ अठराव्या शतकातला, फार मोठं नाव. यामादाचे मासानाओ त्यानंतरचे. नाव एक, घराणी वेगळी, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. त्याने ठामपणे काहीच सांगितलं नाही, तो विचार फक्त माझ्या डोक्यात सोडून दिला.

मी म्हटलं, प्लास्टिकसारख्या रेझिनचे साचे असतात ना हल्ली? तो हसला, लायटरवर सुई तापवली आणि भोकाच्या आतल्या कडेला टेकवली. वितळलं नाही. जळक्या लाकडाचा बारीक वास आला. मी बेडूक हातात तोलला, चांगला जड होता. रेषा घट्ट होत्या, साच्याची शिवण कुठेच नव्हती. लाकूड अस्सल आहे हे मला कळत होतं, आणि ते खरंच अस्सल होतं. माझी चूक त्यापुढची. लाकूड खरं, म्हणून वयही खरं, सहीही खरी, वखारही खरी, असं मी धरून चालले. त्याने एका गोष्टीचा पुरावा दिला आणि पैसे चार गोष्टींचे घेतले.

त्या क्षणी एक साधा प्रश्न मला पडायला हवा होता. ज्याच्या हातात दीडशे वर्षांचा खरा मासानाओ आहे, तो त्यात तापलेली सुई कशाला खुपसेल?

पावती मागितली. त्याने ती हाताने लिहून दिली. पैसे, तारीख, शिक्का, आणि वस्तूच्या जागी "लाकडी कोरीवकाम, एक नग". मासानाओ नाही, काळ नाही, इसे नाही. मी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

गणपतीला बेडूक सावंतवाडीला घेऊन आले. पेटीला कापूर-धुपासारखा दाट वास होता. बाबांनी बेडूक बाहेर काढून शोकेसमध्ये ठेवला. पाऊस कोसळत होता, घरभर दमट हवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि अंगठा माझ्यासमोर धरला. अंगठ्यावर तपकिरी डाग. ते म्हणाले, "लाकूड बरां आसा. पण ह्येचो रंग अजून सुकूक नाय." मी गप्प बसले. आरतीच्या वेळीही माझं लक्ष त्या अंगठ्याकडेच होतं.

टोकियोला परतल्यावर एका जुन्या दुकानात गेले. दुकानातले आजोबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी सही बघितलीच नाही. आधी बेडूक उलटा केला, भिंग लावलं आणि हिमोतोशी बघितली. मग एक दोरी ओवून बेडूक माझ्यासमोर लोंबता धरला. बेडूक तोंडावर खाली आला, पोट बाहेर. "हा कमरेला असा लटकणार?" त्यांनी विचारलं. कारागीर भोकांची जागा तोल बघूनच ठरवत असे. शिवाय बऱ्याच जुन्या नेत्सुकेत एक भोक मोठं असतं, दोरीची गाठ आत लपावी म्हणून. माझ्या बेडकाची दोन्ही भोकं सारखी, ड्रिलने पाडल्यासारखी गोल, आणि कडा बोटाला लागतील इतक्या धारदार.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आता पाठ बघा." पाठीवरचे फोड झिजून गुळगुळीत झालेले. "आता मागच्या पायाच्या आत, सांध्यात बघा." तिथेही तशीच झीज. जिथे दोरी पिढ्यान् पिढ्या घासली असती तिथे धार, आणि जिथे बोट किंवा कापड पोचणंच शक्य नाही तिथे झीज. खऱ्या वापराने उंचवटे झिजतात, खोलगट भाग तसेच राहतात. हा मात्र सगळीकडून सारखाच घासलेला, आणि खाचांतून गडद रंग भरलेला. त्यांनी ओलसर कापसाची काडी फिरवली, ती तपकिरी झाली. जुने कारागीरही लाकूड रंगवत, पण त्यांचा रंग लाकडात मुरलेला असतो, असा सुटून येत नाही. सहीभोवतीचं लाकूड झिजलेलं, अक्षरं मात्र कालच कोरल्यासारखी.

पेटीचंही त्यांनीच सांगितलं. झाकणाच्या आत कारागिराची सही असलेली ती देखणी पेटी बघून मला केवढा भरवसा वाटला होता. ते म्हणाले, नेत्सुके ही रोज वापरायची वस्तू. आजचे कलाकार सहीची पेटी देतात, पण त्या काळच्या नेत्सुकेला मूळ सहीची पेटी जवळपास नसतेच. म्हणजे जी गोष्ट मला सर्वांत मोठा पुरावा वाटली, तिनेच मला सावध करायला हवं होतं.

मी रडवेली झाले होते. त्यांनी चहा दिला आणि १७८१ सालच्या ओसाकातल्या एका ग्रंथाविषयी सांगितलं, सोकेन किशो नावाच्या. त्यात पन्नासहून अधिक नेत्सुके कारागिरांची नोंद आहे. क्योतोच्या तोमोतादा या कारागिराने कोरलेल्या बैलांना इतकी मागणी की त्यांच्या नकला फार झाल्या आहेत, असं त्यातच लिहून ठेवलं आहे. फसले गेलेले लोक तेव्हाही होते, हे ऐकून थोडा धीर आला, पण पैसे परत येणार नव्हते.

प्रयत्न मी केले. त्या बाजारात तीनदा गेले, तो दिसला नाही. पावतीवरचा नंबर बंद होता. १८८ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन केला, बाईंनी फार आपुलकीने ऐकून घेतलं आणि पावती वाचायला सांगितली. लाकडी कोरीवकाम, एक नग. वस्तू लाकडी आहे, कोरीव आहे, एक आहे. पुढे त्यांनी विचारलं, परवाना क्रमांक? जपानमध्ये जुन्या वस्तूंचा धंदा करायला सरकारी परवाना लागतो आणि त्याची पाटी लोकांना दिसेल अशी लावावी लागते. त्याच्या टेबलावर पाटी होती की नव्हती, हेही मला आठवेना. पोलिसांनी सांगितलं, हा दिवाणी मामला.

आता मी काही घेताना आधी पाटीचा फोटो काढते. पावतीवर कारागिराचं नाव, अंदाजे काळ आणि "तसं न निघाल्यास पैसे परत" एवढं लिहून मागते. जो खरा विक्रेता आहे तो एका मिनिटात लिहून देतो. जो लिहायला कां-कूं करतो त्याच्याकडून उठते, वस्तू कितीही जिवाला लागलेली असो. स्वतःची दोरी सोबत ठेवते आणि विचारून ओवून बघते. आणि त्याच दिवशी पैसे देत नाही. क्योतोला मिबु भागात सेइशू नेत्सुके संग्रहालय आहे, ते एका जुन्या सामुराई वाड्यात आहे. तिथे एक अख्खा दिवस घालवा, मग बाजारात जा. चांगलं पुष्कळ बघितलं की खोटं डोळ्यांना टोचायला लागतं. मी बघितलं होतं, पण काचेतून. खालची बाजू, भोकं, पायांच्या आतली झीज, हे काचेतून दिसत नाही, आणि फसवणारा नेमका तिथेच गाठतो.

मागच्या आठवड्यात निशिकासाइला राहणाऱ्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. आईसाठी एक छोटा लाकडी बेडूक बघितला आहे, वखारीतला आहे, सहीची पेटीही आहे. मी लिहिलं, त्याच्या पोटाचा फोटो पाठव. फोटो आला. दोन भोकं, सारख्याच मापाची, कडा धारदार. मी विचारलं, पैसे दिलेस का?

"उद्या देणार आहे," तिने लिहिलं.

मी लगेच तिला फोन लावला.