जिम्नीला दोन इंच लिफ्ट: उंचीआधी कॅस्टरचं विचारा

मारुतीच्या जिम्नीसाठी लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचा संच, घ्यायला गेलात तर गॅरेजमध्ये पहिला प्रश्न "किती इंच" हा नको. "कॅस्टर कसा दुरुस्त करून देणार?" हे आधी विचारा. कॅस्टर म्हणजे पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन; त्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होतं. माझा सगळा वैताग याच एका गोष्टीचा आहे.

पाच दारांच्या जिम्नीला दोन इंचांचं किट, म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकर, बसवून एक पावसाळा उलटला. गॅरेजवाला तीन इंचांचा आग्रह धरून बसला होता. मी दोनवरच ठाम राहिलो. जिम्नीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारे अखंड आस, आहेत, त्यामुळे लिफ्टने वर जाते ती चेसिस आणि बॉडी. अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा होता तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायर मोठा लागतो. १९५/८० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातले तर व्यास साधारण १० मिमीने वाढतो, म्हणजे गोळा ५ मिमी वर. मग तिसऱ्या इंचाचे पैसे मी कशासाठी मोजायचे? शिवाय आईला गाडीत चढायचं असतं. दोन इंचांतच पायदान लावावं लागलं.

फायदा मात्र खरा आहे. पाच दारांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५९० मिमी, तीन दारांच्या जिम्नीपेक्षा ३४० मिमी जास्त. त्यामुळे वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटांवर बांध ओलांडताना गाडीचं पोट घासायचं, ते थांबलं.

आता दुखणं. पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरताना गाडी साठच्या वेगातही तरंगायची. वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ होत नसे, हाताने आणावं लागे. त्या उतारावर, शेजारून कंटेनर जात असताना, हे सहन करण्यासारखं नाही. चेसिस वर गेली की रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे) तिरके होतात, अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. गॅरेजचं उत्तर दर वेळी एकच: "अलाइनमेंट करून घ्या." पण या अ‍ॅक्सलवर अलाइनमेंटला फक्त टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलता येतो! मशीनच्या कागदावर टो हिरवा आणि कॅस्टर लाल. मशीनवरचा मुलगाच म्हणाला, "काका, हे इथून होणार नाही." तरी दर वेळचे पैसे माझ्याच खिशातून गेले.

तेव्हा कोणी विचारलं तर मी हे किट घेऊच नका म्हणत होतो. कॅस्टर दुरुस्तीचे बुश बसवल्यावर मत बदललं. बुश म्हणजे रेडियस आर्मच्या सांध्यातली नळी; या बुशचं भोक मध्यभागी नसतं, त्यामुळे अ‍ॅक्सल पुन्हा मागे कलतो. ते मागवले आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर दाबून घेतले. त्याच दिवशी बायपासवर स्टिअरिंग हातातून अलगद सरळ झालं. आता किटबद्दल तक्रार नाही. शॉकर तर खड्ड्यांत मूळच्या शॉकरपेक्षा चांगले आहेत.

पॅनहार्ड रॉडमुळे, म्हणजे अ‍ॅक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे, अ‍ॅक्सल जरासा एका बाजूला सरकलाय, तो दोन इंचांत चालतो. तीन इंच करणाऱ्यांनी अ‍ॅडजस्टेबल रॉड, ब्रेकच्या लांब नळ्या आणि प्रॉपेलर शाफ्टचा (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन, सगळ्याचा खर्च आधीच धरावा. बुश आणि प्रेसची मजुरी कोटेशनमध्ये लिहून घ्या. वाया गेलेल्या अलाइनमेंटचे पैसे मी गॅरेजकडे लेखी मागितले आहेत. अजून उत्तर आलेलं नाही.